चौदा पाऊण साडेदहा

बोटीवर राहायला गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, या माणसाचा सूड घ्यायचा. कसा, ते तेव्हा सुचलं नव्हतं. पण घ्यायचा हे नक्की.

हा माणूस म्हणजे माझा नवरा. चारचौघांत मी 'आमचे हे' म्हणते, अहोजाहो करते, तशी आमच्याकडे रीतच आहे. मनातल्या मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही. हे सव्वीस वर्षं जहाजावर होते. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. लोकांना वाटतं, बाप रे, केवढा दर्यावर्दी माणूस! कसला दर्यावर्दी? हे इंजिनवाले. सव्वीस वर्षं जहाजाच्या पोटात, कानाला बोळे लावून, तेलाच्या वासात. जहाज बंदरात शिरताना पाणी किती, खडक कुठे, हे बघायला वरती दुसरी माणसं असायची. समुद्र यांनी पाहिला तो सुट्टीच्या वेळी, कठड्याला टेकून, सिगारेट ओढताना. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलेलं आहे. त्यांना फार लागतं.

निवृत्त झाले आणि दोन वर्षं घरात पायात पाय अडकवत फिरले. माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. विहिरीच्या पंपाला तीन वेळा खोललं, चौथ्यांदा तो बंदच पडला. मग एक दिवस गोव्याला गेले आणि शिडाची बोट घेऊन आले. कोणी परदेशी म्हातारा आपल्या देशी परत चालला होता, त्याची. तीस फूट लांब, वर डोलकाठी, आत एक खोली. तिला खोली म्हणायचं म्हणून म्हणायचं. आमच्या घरातलं कोठाराचं कपाट त्याहून ऐसपैस आहे.

"सहा महिने राहून तर बघू," हे म्हणाले. "खाडीतच नांगर टाकू. घर समोर दिसेल तुला."

तेच तर! घर समोर दिसणार आणि मी पाण्यात डुलत बसणार. पावस गावाच्या पुढे आमची खाडी आत वळते, त्या वळणावर आमचं घर आहे. चांगलं जांभ्या दगडाचं, मजबूत. हे घर यांच्या पगारातून उभं राहिलं हे खरं. पण चिरा उतरवून घेतला मी, गवंड्याशी भांडले मी, मुलगी कडेवर घेऊन भिंतींना पाणी मारलं मी. वास्तुशांतीला हे ब्राझीलजवळ कुठेतरी होते. शेजारी यांच्या जागी सुपारी ठेवून मी एकटी पूजेला बसले. आणि आता त्या घराला कुलूप लावून मी त्याच्याकडे बघत बसायचं, पाण्यातून!

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, किती रोमँटिक!" मी फोन ठेवून दिला.

नांगर टाकलेल्या बोटीवर राहणं म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकते, म्हणजे कोणाच्या डोक्यात असलं खूळ आलं तर निघून जाईल. बोट स्थिर नसते. भरतीला तिचं तोंड खाडीच्या मुखाकडे, ओहोटीला उलट. सकाळी देवांच्या डब्यासमोर पूर्वेकडे तोंड करून बसावं, तर नैवेद्य दाखवेपर्यंत आपण दक्षिणेला बघत असतो. रात्रंदिवस नांगराची साखळी कण्हत असते. एखादा मच्छीमारी ट्रॉलर बाजूने गेला की दोन मिनिटांनी लाट येते आणि आमटी चुलीवरून उठून भिंतीला लागते. मीठ ओलं, काडेपेटी ओली, पापडांना बुरशी, अंथरूण कायम दमट. कपडे वाळतात ते पापडासारखे कडक होऊन, आणि जे खरे पापड ते कपड्यांसारखे मऊ! तुळस नेली होती एका कुंडीत. खाऱ्या वाऱ्याने पंधरा दिवसांत काळी पडली. त्या दिवशी मी जेवले नाही.

संडासाचं तर विचारूच नका. तिथे एक दांडा असतो, तो आधी एकीकडे करून वीस वेळा हापसायचा, मग दुसरीकडे करून वीस वेळा. साठीला आलेल्या बाईने हे धंदे करायचे. माझा उजवा गुडघा दुखरा, आणि खोलीत उतरायला पाच पायऱ्यांची उभी शिडी. दिवसातून चाळीस वेळा खाली-वर. पहिल्या आठवड्यात डोकं इतक्यांदा आपटलं की टेंगळांनाही जागा उरली नाही.

आणि गोडं पाणी. ते धक्क्यावरून वीस-वीस लिटरच्या कॅनमधून आणायचं, छोट्या होडीतून, वल्हवत. म्हणून यांनी तिसऱ्या दिवशी एक नियम केला. नियम केला तो केला, वर मार्करने कागदावर लिहून आरशाखाली चिकटवला: 'माणशी एक बादली.' खाली सही! घरात विहीर असलेल्या बाईला, जिने त्या विहिरीचा गाळ स्वतः उभं राहून काढून घेतला त्या बाईला, सहीनिशी एक बादली. तो कागद वाचला आणि मी ठरवलं, सूड.

सुरुवात भोपळ्याने केली. यांना लाल भोपळा आवडत नाही. पण बोटीवर फ्रीज चालत नाही आणि भोपळा महिनाभर टिकतो. त्याला मी काय करणार? भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत, भोपळ्याचे घारगे, भोपळा घालून सांबार. नवव्या दिवशी हे म्हणाले, "दुसरं काही नाही का?" मी म्हटलं, "घरी असतं तर अंगणातली अळूची पानं तरी काढली असती." दहाव्या दिवशी पुन्हा भोपळा. पण या असल्या सुडाने पोट भरत नाही. आपल्यालाही तोच भोपळा खावा लागतो.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या बोटीचा नांगर खोल पाण्यात होता, खाडीच्या मधल्या ओघात. पण बोट आणि धक्का यांच्यामध्ये गाळाची एक रुंद पट्टी आहे. भरतीला ती दिसत नाही. अष्टमी-नवमीला पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही, तेव्हा कधीही तिच्यावरून होडी जाते. पण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी धक्क्याच्या पायऱ्या बुडवतं आणि ओहोटीला असं काही निघून जातं की ती पट्टी उघडी पडते. मांडीभर काळा, मऊ गाळ. त्यात होडी अडकली की पाणी परत येईपर्यंत बसून राहायचं. दुसरा इलाज नाही.

हे मला कसं माहीत? माझं माहेर नाटे गावचं. बाबा खाडीपलीकडच्या शाळेत मास्तर होते, रोज तरीने, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीने, जायचे. आणि ती पाणी असेल तरच लागायची. म्हणून आई रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायची. तिथी बघायची आणि पाऊणकी म्हणायची. शाळेत घोकून घेतलेला पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, त्रिक पाऊण सव्वादोन. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा: सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पूर्ण भरती. त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी पाणी तळाला. झालं! घड्याळ चुकेल, हे चुकायचं नाही. बाबांची होडी कधी चुकली नाही. ते मात्र शाळेत सांगायचे की मी फार वक्तशीर आहे.

तर बोटीवर गेले त्या दिवसापासून माझं हेच सुरू होतं. मला शिकवायला लागलं नाही, हाताला सवय. सकाळी चहा टाकताना तिथी बघायची आणि दिवस मनात मांडायचा. मग मी म्हणायची, "अहो, बाजार करून येऊ, आत्ताच चला." किंवा "आज नको, उद्या जाऊ पाणी आणायला." किंवा बाजारात हे कोणाशी गप्पा मारत उभे राहिले की पिशवी ओढायची. हे कुरकुरायचे, पण निघायचे. तीन महिन्यांत आमची होडी एकदाही गाळात बसली नाही. एकदाही! आणि यांची समजूत झाली की हे यांचं कसब. धक्क्यावर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, कोणाला तरी सांगत होते, "काही नाही हो, अंदाज लागतो. सव्वीस वर्षं काढली समुद्रावर. आणि मोबाईलमध्ये तर आता सगळंच आहे."

मोबाईलमध्ये सगळंच आहे! मी भाजीची पिशवी घेऊन मागे उभी होते. ते लक्षात ठेवलं.

धक्क्यावर मासे विकायला बसणारी एक बाई आहे, माझ्याच वयाची. तिच्याकडून मी बांगडे घ्यायची. ती रोज विचारायची, "वयनी, घरदार सोडून पान्यात कशाला ऱ्हाता गो? भांडलाव काय?" मी हसण्यावारी न्यायची. पण फेब्रुवारीत एकदा तिने वेगळंच विचारलं. "वयनी, घर विकलाव म्हनं?"

माझ्या हातातला बांगडा खाली पडला. तिने मला सांगितलं ते असं: पुण्याचं एक जोडपं दोनदा येऊन घर बघून गेलं. यांनी स्वतः दाखवलं. दोन्ही वेळा मी बोटीवर होते, हे "गॅस आणतो" म्हणून गेले होते. जोडप्याला घर फार आवडलं. अंगणात उभं राहिलं की समोर समुद्राचं पाणी चकचकतंय, सुट्टीत येऊन राहायला छान, असं म्हणत होते. मी मनात तारखा जुळवल्या. दोन्ही वेळी भरती होती. अर्थातच! भरती होती म्हणूनच तर मी यांना त्या वेळी गॅस आणायला पाठवलं होतं.

घर कागदावर यांच्या नावावर. बांधलं तेव्हा मी म्हटलं होतं, दोघांचं नाव घाला. "आता घाईत कुठे, पुढच्या सुट्टीत करू," म्हणाले होते. त्यानंतर बावीस सुट्ट्या झाल्या.

मी बोटीवर आले. भांडले का? नाही. भांडणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे, ती खोटी नाही. पण त्या दिवशी माझं तोंडच उघडलं नाही. संध्याकाळी यांनीच विषय काढला, तोही असा, जणू पावसाचा अंदाज सांगतायत. घर कोण बघणार, देखभाल नको, बोटीने पुढे लक्षद्वीपपर्यंत जाऊ, मग सावकाश एखादा फ्लॅट. पार्टी चांगली आहे. "रविवारी त्यांना बोटीवरच जेवायला बोलवतो. आपलं आयुष्य बघतील, खूश होतील. जेवण झालं की धक्क्यावरून घरी जाऊ, तिथे कागद करून टाकू. बोलवू ना रविवारी?"

तीस वर्षांच्या संसारात मला बहुधा पहिल्यांदा विचारलं, आणि तेही जेवण मला करायचं होतं म्हणून. मी आरशाशेजारच्या कॅलेंडरकडे बघितलं. रविवारी चतुर्दशी. सोमवारी पौर्णिमा.

चौदा पाऊण साडेदहा. साडेदहाला पूर्ण भरती. पावणेपाचला तळ.

"बोलवा की," मी म्हटलं. "अकराला येऊ दे. जेवूनच जाऊ दे चांगले."

आता कोणी म्हणेल, तू खोटं बोललीस. मुळीच नाही. मी एक शब्द खोटा बोलले नाही. मी फक्त रोज जे सांगायची ते त्या दिवशी सांगितलं नाही. एवढंच.

जोडपं आलं अकराच्या आसपास, छोट्या होडीतून, पाणी काठोकाठ. बाईंनी पांढरी पँट घातली होती. दोघं सभ्य होती, त्यांच्याशी माझं वैर नव्हतं. म्हणूनच सकाळी मी होडीच्या फळीखाली एक छत्री आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या सरकवून ठेवल्या होत्या. यांनी विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "पाहुण्यांना ऊन लागेल."

आणि जेवण! असं जेवण मी त्या बोटीवर ना आधी केलं ना नंतर. सुरमईची कापं, तिसऱ्यांचं सुकं, नारळाच्या दुधातली कोलंबी, सोलकढी, घावन, शेवटी खांडवी. भोपळा नाही. हे माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं मी निवळले. बाराला ताटं घेतली आणि मी आग्रहाला सुरुवात केली. आमच्याकडे पाहुण्याला 'पुरे' म्हणू द्यायचं नसतं, आणि त्या दिवशी मी ते फारच मनापासून पाळलं. अजून थोडा भात, सोलकढी तरी घ्याच, हे एकच काप राहिलंय ते कोणासाठी ठेवू. एक वाजला. मग मी म्हटलं, "आता लगेच उन्हात कुठे निघता? टेका जरा." टेकले. बाई तर झोपल्याच. मी भांडी घासत बसले, खाऱ्या पाण्याने, सावकाश. गोल खिडकीतून मला धक्क्याची खालची पायरी दिसत होती. मग त्याच्या खालची दिसली. मग त्याच्याही खालची.

अडीचला बाई उठल्या. मी चहा टाकला. यांनी एकदा घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. सवयीने बघितलं असणार. मी 'चला' म्हणायची ना नेहमी. मी आल्याचा तुकडा किसत राहिले.

"निघू या," शेवटी तेच म्हणाले. तीन वाजून गेले होते. मी बोटीवरून हात हलवून निरोप दिला. कागदांची फाइल यांच्या काखेत होती.

होडी शंभर-सव्वाशे हात गेली असेल. वल्हं मारताना काळं पाणी उडायला लागलं. मग वल्हं उचललं तर त्याला गाळ. मग होडी थांबली. यांनी वल्ह्याने रेटलं, ती एक हात पुढे गेली आणि बसली. पाणी आजूबाजूला होतं अजून, वीतभर. पंधरा मिनिटांत तेही गेलं. मी वर डेकवर आले, चहाचा कप घेऊन, डोलकाठीच्या सावलीत बसले. घरातून नेलेली माझी एकच चांगली कपबशी होती, ती घेतली.

यांनी काय करावं? खाली उतरले. मला वाटलंच होतं. इंजिन बंद पडलं की खाली उतरायचं, हेच शिकले आयुष्यभर. मांडीपर्यंत आत गेले. एक पाय काढायला गेले तर चप्पल राहिली. दुसरा काढायला गेले तर खिशातला मोबाईल पडला. ओणवे होऊन कोपरापर्यंत हात घालून चाचपत बसले. मिळाला नाही. त्या गृहस्थांनी हात देऊन त्यांना वर ओढलं, तेव्हा सगळा गाळ बाईंच्या पांढऱ्या पँटवर.

खरं सांगते, दया आली थोडी. ऊन होतं, डोक्यावर टोपी नव्हती, आणि यांना रक्तदाबाची गोळी आहे. मग मी घराकडे बघितलं. दया चहाबरोबर गिळून टाकली.

धक्क्यावर माणसं जमली. मासेवाली बाई कपाळावर हात धरून बघत होती. खाडीवर आवाज फार लांबून ऐकू येतो. मी त्या पुण्याच्या बाईंना स्पष्ट ऐकलं: "पण समुद्र गेला कुठे?" हे काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "म्हणजे घरासमोर पण असंच? रोज?" आणि थोड्या वेळाने, "हा वास कसला येतोय?"

वास कसला! खाडीचा. मी तीस वर्षं त्या वासात पापड वाळवलेत. मला तो आवडतो.

मग यांनी तोंडाशी हात धरून मला हाक मारली. "अगं! पाणी कधी येणार?"

तीस वर्षांत या माणसाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्याला खरोखर हवं होतं. मी कप खाली ठेवला.

"मोबाईलमध्ये आहे ना सगळं!"

"मोबाईल पडला!"

"मग अंदाज लावा! समुद्रावरची माणसं तुम्ही!"

धक्क्यावर कोणीतरी खो खो हसलं. पाच मिनिटं गेली असतील. मग पुन्हा हाक, या वेळी आवाज वेगळा. "सांग ना गं!"

"साडेसहाला!" मी ओरडले. "छत्री फळीखाली आहे. पाणीही आहे दोन बाटल्या!"

मी हे सांगितलं आणि मला यांचा चेहरा दिसला. एवढ्या लांबूनही दिसला. वाकून फळीखालून छत्री काढली, ती हातात धरून बघत राहिले. न उघडता. मग माझ्याकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" मी उभी राहिले. "घर विकताना तरी मला कुठे विचारलंत?"

सगळी खाडी ऐकत होती. धक्का ऐकत होता, ती दोघं ऐकत होती. यांनी छत्री उघडली आणि त्या बाईंच्या हातात दिली. नंतर अडीच तास तिघं तिथेच बसले होते. साडेसहाला, सूर्य टेकायच्या सुमारास, पाणी आलं. आईची पाऊणकी पाच मिनिटांनीही चुकली नाही.

जोडपं धक्क्यावरून तडक आपल्या गाडीकडे गेलं, घराकडे नाही. जाताना त्या बाईंनी बोटीच्या दिशेने हात जोडले. रागाने की कशाने, मला कळलं नाही. पुन्हा ती आली नाहीत.

हे परत आले ते कंबरेपर्यंत काळे. शिडी उतरून न्हाणीकडे निघाले. मी आरशाखालचा कागद दाखवला. "माणशी एक बादली," मी म्हटलं. "आणि सकाळची आंघोळ झालीय तुमची. अर्धीच उरलीय." त्यांनी अर्ध्या बादलीत अंग धुतलं. आठवडाभर कानामागे गाळ होता.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. पंधरा पाऊण सव्वाअकरा. मी देवांचा डबा, कपबशी आणि घराची किल्ली घेतली आणि सव्वाअकराला म्हटलं, "मला सोडा." सोडलं. धक्क्यावर पायरी चढताना हात दिला, तो मी घेतला, कारण गुडघा दुखत होता. मासेवालीने एक बांगडा जास्त घातला.

मी घरी आहे. घराच्या कागदावर आता दोन नावं आहेत. त्यासाठी हे रत्नागिरीला माझ्याबरोबर आले, रांगेत उभे राहिले, सही केली. नवी तुळस लावली, ती तरारली आहे. हे मात्र अजून बोटीवरच. हट्ट! येईन म्हणाले तर दार उघडं आहे, पण तसं म्हणत नाहीत, आणि मी बोलावणार नाही. एकटेच भोपळा खातात की काय कोण जाणे.

रोज सकाळी फोन येतो. "अगं, आज पाणी कधी आहे?"

यांनी नवा मोबाईल घेतला आहे. मासेवाली सांगत होती, त्यात भरती-ओहोटी सगळी दिसते, धक्क्यावर बायकांनाही दाखवतात. म्हणजे यांना वेळ माहीत असते. तरी विचारतात. मलाही तिथी कॅलेंडरकडे न बघता माहीत असते. पण सव्वीस वर्षं मी कॅलेंडरच्या भिंतीसमोर उभी राहून यांच्या येण्याचे दिवस मोजलेत. एक जहाज लांबलं की चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून.

"आज तिथी कुठली?" मी विचारते.

"तूच सांग," हे म्हणतात.

"थांबा," मी म्हणते. खुर्ची ओढून घेते, ऐसपैस बसते, आणि पहिल्यापासून सुरू करते. एक पाऊण पाऊण. बे पाऊण दीड. हे पलीकडे थांबून असतात.